तीन नंबर, चार नंबर आणि मधली हद्द

मी एक जुना संगणक आहे. पेटी एक आणि पडदे सहा, अशी माझी घडण. आता पडदा एकच उरलाय, आणि तोही उजव्या कोपऱ्यात काळा पडलाय. नाथाजी आबांच्या घरात, ज्वारीच्या पिंपाशेजारच्या टेबलावर मी असतो. माझ्यावर एक जुनी ओढणी टाकलेली आहे. धूळ बसू नये म्हणून टाकली होती, आता ओढणीवरच धूळ बसलीय. मला त्याचं काही वाटत नाही. मित्रांनो, आत्मवृत्त सांगताना थोडं रडावं लागतं असं मी ऐकलंय. ते मला जमणार नाही. जसं झालं तसं सांगतो.

आणि एक गोष्ट आधीच बोलून टाकतो. दुसऱ्याचं गुपित सांगणं माझ्या जातीत बसत नाही. यातल्या माणसांनी हे सगळं पुढं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, चारचौघांत सांगितलं, म्हणून मी बोलतोय. नाहीतर तुम्ही मला स्क्रूड्रायव्हरनं खोललं असतं तरी माझ्याकडून एक अक्षर निघालं नसतं.

माझी जोडणी सांगलीत भरतेशच्या दुकानात झाली. भरतेश दिवस मावळायच्या आत जेवणारा माणूस, त्यामुळं संध्याकाळी त्याची नजर सारखी घड्याळाकडं. पण माझ्या जोडणीत त्यानं घाई केली नाही. एकेक वायर दोनदा ओढून बघितली. मला घ्यायला आले होते जोतीराम हवालदार. फौजेत सिग्नलला होते, पेन्शनीत येऊन रहिमतपूरजवळच्या आपल्या गावात दूध डेअरीच्या माडीवर मुलांसाठी अभ्यासिका काढली होती.

"जागा ल्हान हाय," हवालदार म्हणाले. "सा पेट्या ठिवल्या तर पोरं काय डोक्यावर बसवू?"

"पेटी एकच न्या. सहा पडदे, सहा कीबोर्ड जोडून देतो. बसणाऱ्याला वाटतंय बघा, अख्खा संगणक आपलाच."

"मग ह्याचं त्याला दिसंल की वो!"

"नाही दिसत. ते कर्नेल बघतंय. तुम्ही नका काळजी करू."

हवालदारांनी मान डोलावली. त्यांना कर्नेल म्हणजे काय ते कळलं नव्हतं, पण भरतेश खोटं बोलत नाही एवढं त्यांना माहीत होतं. तुम्हाला मात्र मी सांगतो. कंटाळा आला तरी वाचा, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

माझ्या आत तात्पुरत्या स्मृतीची वीस लाखांवर पानं आहेत. वीज गेली की सगळी पुसली जातात. सहा माणसं बसली की सहाजणांचं लिहिणं, वाचणं, चित्रं, पासवर्ड, सगळं याच पानांवर उतरतं, आणि तेही विस्कटून. एकाचं एक पान इथं, दुसरं पार तिकडं. कुणाचं काय कुठं आहे हे फक्त कर्नेलला माहीत असतं. कर्नेल म्हणजे माझ्यातला मुख्य प्रोग्राम, बाकीचे सगळे त्याच्या हाताखालचे.

हा कर्नेल प्रत्येक प्रोग्रामला एक नकाशा करून देतो. आता बघा, रहिमतपुरातही गट नंबर बारा असतो आणि मेढ्यातही असतो. नंबर एकच, जमीन वेगळी. तसंच इथं. तीन नंबरच्या जागेवरचा प्रोग्राम 'माझं बारावं पान' म्हणाला की त्याला एक पान मिळतं, चार नंबरचा म्हणाला की दुसरंच मिळतं. दोघांनाही वाटतं, बारावं पान म्हणजे आपलंच. दुसऱ्याचं पान तुमच्या नकाशात नसेलच, तर तिकडं जायला वाटच नाही. तरीही कुणी नकाशाबाहेरचा नंबर मागितला, तर प्रोसेसर, म्हणजे माझ्यातला राबणारा गडी, जागच्या जागी थांबतो, कर्नेलला हाक मारतो आणि कर्नेल त्या प्रोग्रामला बंद करून टाकतो. तुमच्याकडं कुणी बांध कोरला तर तीन पिढ्या भांडण चालतं. माझ्याकडं डोळ्याचं पातं लवायच्या आत निकाल.

आणखी एक नियम आहे. एकाचं काम संपलं की त्याची पानं दुसऱ्याला द्यायची असतात, पण देण्याआधी कर्नेल त्या पानावर सगळीकडं शून्यं भरतो. आधीच्याचं एक अक्षरसुद्धा पुढच्याच्या हाती लागू द्यायचं नाही. मी हे काम वर्षानुवर्षं केलं. खाली डेअरीत दुधाचे कॅन आपटायचे, रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जायच्या, शिवारातले पंप एकदम सुरू झाले की माझी वीज डळमळायची, पण सहा जागांच्या मधली हद्द कधी हलली नाही. पोरं भरती झाली, कुणी तलाठी झालं, कुणी नर्स झालं. जाताना पेढे हवालदारांना द्यायचे, मला नाही. चालायचंच.

आता तीन नंबर आणि चार नंबरकडं येतो.

तीन नंबरची जागा कोपऱ्यात, खिडकीला पाठ करून. तिथं दुपारी दोन ते चार प्रियदर्शनी बसायची. तिचा नवरा उदयसिंह फौजेत नायक होता. बर्फातल्या रस्त्यावरून गाडी दरीत गेली, त्यात तो गेला. गावानं मिरवणूक काढली, चौकात फलक लागला, आणि मग सगळे आपापल्या कामाला लागले. प्रियदर्शनी साताऱ्यात शिकून पदवीधर झालेली. घरात बसून काय करणार म्हणून तिनं अभ्यासिकेत जायचं विचारलं. सासरे नाथाजी आबा, त्यांना ती मामा म्हणायची, ते म्हणाले, "जा की. पण एकलीनं नगं. वीरू संगं असंल तर जा."

वीरू म्हणजे वीरधवल, तिचा धाकटा दीर. पोलीस भरतीची तयारी करत होता. तो चार पावलं पुढं चालायचा, ती मागून यायची. तो चार नंबरवर बसायचा. दोघांच्या खुर्च्यांमध्ये हातभर अंतर. येताना नाही, जाताना नाही, बसल्यावर नाही, ती दोघं बोलायची नाहीत. भांडण नव्हतं. दीर-भावजयीनं काय बोलायचं, कसं बोलायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ज्याच्यामुळं बोलणं व्हायचं तो माणूस गेला होता.

प्रियदर्शनीच्या बोटांना जोर नसायचा. कळ दाबली तर दाबली, नाही तर नाही. ती रडत नसे. सुरुवातीला मला वाटायचं ही कणखर आहे. नंतर कळलं, ते कणखरपण नव्हतं. दाताला भूल दिल्यावर गाल बधिर होतो तसं तिचं सगळंच झालं होतं. चावा घेतला तरी कळू नये असं.

ती रोज एक कोरं पान उघडायची आणि लिहायची, 'अहो,'. पुढं चार-पाच ओळी. आज डेअरीत दूध घालून आले. तुमच्या चपला मामांनी कुणाला तरी दिल्या. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. एवढं लिहून ती पान बंद करायची. मी विचारायचो, साठवायचं का? ती 'नको' दाबायची. रोज 'नको'. मग कर्नेल त्या पानावर शून्यं भरायचा आणि पान रिकाम्यांच्या गठ्ठ्यात जायचं. पुष्कळदा तेच पान लगेच शेजारच्या वीरधवलच्या वाट्याला जायचं. जिथं आत्ता 'अहो' होतं, तिथं पोलीस भरतीचा प्रश्न यायचा, 'महाराष्ट्रातील सर्वात लांब नदी कोणती?' तिचं अक्षर पुसल्याशिवाय मी ते पान त्याला एकदाही दिलेलं नाही.

तुम्ही विचाराल, पुसलं होतंस तर आज कसं सांगतोस? सांगतो, पुढं येईल.

दोन वर्षं अशी गेली. मग दिवाळीनंतर तिच्या पानावर वेगळं आलं. 'अहो, मामा म्हणतात, घरातलं माणूस घरातच राहावं. भावजींशी माझं लग्न लावायचं म्हणतात. म्हणाले, वीरूची इच्छा हाय पोरी, तू न्हाई म्हणालीस तर त्येला लय लागंल. मी काही बोलले नाही. मला नको आहे हे. पण त्यांच्या मनात असेल तर त्यांना तरी कसं दुखवू?'

आणि दुसऱ्या बाजूला एक फॉर्म उघडलेला असायचा. फौजेतल्या माणसाच्या मागं राहिलेल्या बायकोला लष्करात अधिकारी होता येतं, त्या प्रशिक्षणाचा. मुदत मार्चअखेर. दुसरं लग्न केलेलं असेल तर चालत नाही, असं खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. ती त्या ओळीवर बाण नेऊन ठेवायची आणि बसून राहायची. निम्मा फॉर्म भरलेला. तेवढ्या एका गोष्टीपाशी तिच्या बोटांना थोडा जोर यायचा.

आता हातभर अंतरावरच्या चार नंबरवर काय चाललं होतं ते ऐका. वीरधवलनं एक फाईल केली होती. नाव दिलं होतं 'सराव पेपर १७', म्हणजे कुणी उघडू नये. सोळापर्यंतचे पेपर खरे होते. सतराव्यात लिहिलं होतं: 'आबा, मला हे लग्न करायचं नाही. वहिनी मला आईच्या जागी आहेत. तुम्ही म्हणता तिनंच मनावर घेतलंय, तू नाही म्हणलास तर ती कुठं जाईल. त्यांची इच्छा असेल तर मी तोंड वर करून नाही कसं म्हणू? पण मला नको आहे.' तो रोज ते उघडायचा, एखादा शब्द बदलायचा आणि साठवून ठेवायचा. आबांना द्यायचा धीर त्याला झाला नाही.

समजलं ना मित्रांनो? 'मला नको आहे' हे दोन्हीकडं होतं. माझ्या वीस लाख पानांत ती दोन पानं कधीकधी शेजारीशेजारी यायची. एक तिच्या नकाशात, एक त्याच्या नकाशात. दोन्ही बघू शकणारा कर्नेल एकटा, आणि त्याचं काम न बघण्याचं. मी काय करणार होतो? मला तोंड नाही. असतं तरी मी बोललो नसतो. माझी घडणच तशी.

त्या जानेवारीत, म्हणजे दोन हजार अठरा सालच्या, माझ्यात एक मोठी दुरुस्ती आली. झालं होतं असं. कर्नेलची स्वतःचीही पानं असतात. पूर्वापार रीत अशी, की ती पानं प्रत्येक प्रोग्रामच्या नकाशात काढलेलीच असत, फक्त वर शिक्का, प्रवेश बंद. सोय म्हणून. प्रोग्रामचं सारखं कर्नेलकडं काम पडतं, हे उघड, ते छाप, कळ दाबली ते सांग. दर वेळी नकाशा बदलण्यापेक्षा एकाच नकाशात दोघांचं भागवायचं. आणि कर्नेलच्या हद्दीतून सहाही जणांची पानं दिसतात, कारण वाटणारा तोच.

मग कुणा हुशार माणसांच्या लक्षात आलं, की माझ्यासारख्यांचे प्रोसेसर फार घाईचे असतात. परवानगी आहे का हे तपासून व्हायच्या आत ते बंद पान उचलून बघतात. 'अरेच्चा, हे तर बंद आहे' म्हणून टाकूनही देतात, पण पिठाच्या डब्यात हात घातला की हाताला पीठ लागायचं ते लागतंच. त्या पिठावरून एखादा चोर प्रोग्राम डब्यात काय होतं ते ओळखू शकतो. म्हणजे इतकी वर्षं मी छाती फुगवून हद्द सांभाळत होतो, आणि हद्दीला भोक होतं. मला नवल वाटलं, दुसरं काही वाटलं नाही.

दुरुस्ती अशी होती, की कर्नेलची पानं सगळ्यांच्या नकाशातून काढूनच टाकायची. उंबऱ्यापुरती दोन-चार ठेवायची, बस्स. प्रत्येकाचे आता दोन नकाशे, एक त्याचा स्वतःचा आणि एक कर्नेलकडं गेल्यावरचा. जाताना नकाशा बदला, येताना बदला, आणि दर बदलीला प्रोसेसरनं पाठ केलेले पत्ते विसरून परत शोधा. हद्द पक्की झाली खरी. पण मी काही तरणा राहिलो नव्हतो, आणि माझ्यावर सहाजण बसलेले. मी अडखळायला लागलो. मध्येच दहा-पंधरा सेकंद पडदे गोठायचे. बाण हलायचा नाही, अक्षर उमटायचं नाही.

अशा वेळी माणूस काय करतो? खुर्चीला टेकतो आणि इकडंतिकडं बघतो.

"तुमचं बी अडकलंय का, वहिनी?" वीरधवलनं विचारलं. दोन वर्षांतलं पहिलं वाक्य.

"व्हय."

झालं, एवढंच. मी सुरू झालो, दोघं आपापल्या पडद्याकडं वळली. दुसऱ्या दिवशी परत गोठलो तेव्हा तो म्हणाला, "दादा असता तर ह्या पेटीला लाथच घातली असती." प्रियदर्शनी म्हणाली, "रेडिओला घालायचेच की." आणि हसली. हसली म्हणजे ओठाचा एक कोपरा हलला, पण मी तो दोन वर्षांत पहिल्यांदा बघितला. मग रोज थोडं थोडं होत गेलं. पाण्याची बाटली इकडची तिकडं गेली. म्हैस आटली, रस्ता उकरला, असलं बोलणं. सगळं मिळून दिवसाला दोन-तीन मिनिटं, मी जेवढा अडखळायचो तेवढीच.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी चांगलाच गोठलो. वीरधवलनं आपल्या बोटांकडं बघितलं. मग तिच्याकडं बघितलं.

"वहिनी, एक इचारू का?"

"इचारा की, भावजी."

"आबा म्हणत्यात त्ये... तुमास्नी खरंच..."

आणि मी सुरू झालो. बाण हलला. चार नंबरवर प्रश्नपत्रिका पुढं सरकली, वरचं घड्याळ पळायला लागलं.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "चालू झालं."

मित्रांनो, मला काही वाटत नाही असं मी सारखं म्हणतो. त्या दिवशी वाटलं. मला माझा राग आला. आणखी वीस सेकंद मेल्यासारखा पडलो असतो तर माझं काय जाणार होतं?

मी म्हटलं, उद्या. उद्या परत गोठेन, तेव्हा विचारील.

पण त्याच संध्याकाळी दोन नंबरच्या प्रांजलनं तक्रारवहीत लिहिलं, 'सराव परीक्षा अर्ध्यात अडकते. नापास झाले तर जबाबदार कोण?' पोरगी हुशार, तोंडाची फटकळ. बाकीच्यांनी खाली सह्या ठोकल्या. वीरधवलनंही केली, सगळ्यांनी केली म्हणून. हवालदारांना ते लागलं. त्यांच्या लेखी तक्रारवही म्हणजे कोर्टमार्शल. त्यांनी भरतेशला फोन लावला.

"दुरुस्तीनं स्लो झालाय तो," भरतेश म्हणाला. "ती बंद करता येते. सुरू होताना एक शब्द घालायचा असतोय. पण काढू नका हो ते. भिंत आहे ती."

"आवं, हितं कोण चोर हाय? समदी आपलीच पोरं. एका घरात कशाला भिंती?"

"आपलीच आहेत हो. पण..."

"तुमी शब्द सांगा."

भरतेशनं सांगितला. त्याची जेवायची वेळ झाली होती, हे मला फोनवरूनही कळलं. हवालदारांनी तो एक शब्द घातला, मला बंद केलं, परत सुरू केलं. झालं. कर्नेलची पानं परत सगळ्यांच्या नकाशात आली आणि मी घोड्यासारखा पळायला लागलो. दुसऱ्या दिवशी पोरांनी टाळ्या वाजवल्या. "हवालदार, लय भारी!" प्रांजलनं माझ्या पेटीला हळदकुंकू लावलं. एवढी स्तुती माझी कधी झाली नव्हती.

भिंतीला भोक पडलं होतं. तीन नंबरचं चार नंबरला दिसेल असं भोक. पण डोकावणारं कुणी नव्हतं. असले चोर प्रोग्राम वीरधवलनं कुठून आणावेत, तो भला माणूस. चोरी झाली नाही. एवढंच झालं, की मी पुन्हा गोठलो नाही. त्यानंतर त्या दोघांना खुर्चीला टेकायला एकदाही वेळ मिळाला नाही.

मार्चच्या शेवटच्या दिवशी तिनं फॉर्म उघडला. वैवाहिक स्थितीच्या चौकोनात 'विधवा' लिहिलेलं होतं. शेजारी तो होता, हातभर अंतरावर, पेपर सोडवत. तिनं त्याच्याकडं एकदा बघितलं. मग फॉर्म बंद केला. त्या दिवशी तिनं 'अहो' लिहिलं आणि पुढं काहीच लिहिलं नाही. मी विचारलं, साठवायचं का? तिनं 'नको' दाबलं.

अक्षय तृतीयेला लग्न झालं. दारातच, साधेपणानं. माणसं म्हणाली, आबांनी घर सावरलं.

पावसाळ्यात अभ्यासिकेला सहा नवे संगणक आले आणि माझं काम संपलं. हवालदार मला स्कूटरच्या पुढ्यात ठेवून आबांच्या घरी घेऊन आले. "लग्नात आहेर द्यायचा ऱ्हायला हुता," म्हणाले. मला टेबलावर ठेवलं, एक पडदा जोडला आणि दोघांची जुनी खाती मोडून एकच खातं केलं. "नवराबायकोत कशाला पडदा?" पासवर्ड ठेवला लग्नाची तारीख. जुन्या फाईली एकाच कप्प्यात ओतल्या. तिच्या नावावर ओतायला काही नव्हतंच. त्याचे सतरा सराव पेपर आले.

वर्षभर मी त्या घरात उगाच होतो. वीरधवलची भरती हुकली, तो रानात राबायचा. प्रियदर्शनी धारा काढायची, भाकऱ्या करायची. एक मी बारकाईनं बघितलं. ती त्याला काहीच म्हणत नसे. 'अहो' म्हणत नसे, 'भावजी' तर म्हणता येत नव्हतं. जेवायला वाढलं की ताट पुढं सरकवायची. तो तिला 'जरा' म्हणायचा. 'जरा पाणी.' 'जरा दार लावा.' तो सोप्यात झोपायचा, ती माजघरात. दोघंही वागायला चांगली होती. भूल उतरली नव्हती एवढंच, आणि आता ती दोघांनाही चढली होती.

मग एका दुपारी प्रांजल आली. "वैनी, वीरूदादाचं जुनं सराव पेपर हायत का? माझी भरती आलीय."

"बघते. उद्या न्हे," प्रियदर्शनी म्हणाली, आणि प्रांजल गेल्यावर तिनं माझ्यावरचं फडकं काढलं.

तिनं एकेक पेपर उघडून बघितला. पंधरा. सोळा. सतरा उघडला.

ती वाचत होती तेव्हा मी काही करू शकत नव्हतो. करायचंही नव्हतं. खातं एक, फाईल त्या खात्यातली, कुठल्याही नकाशात कुठलीही हद्द मोडत नव्हती. वाचून झाल्यावर तिनं खालची तारीख वाचली. फेब्रुवारीची होती. तिच्या फॉर्मची मुदत संपायला तेव्हा सहा आठवडे होते.

ती रडली नाही. मग त्याच्या शेवटच्या ओळीखाली तिनं लिहिलं, 'मलाही नको होतं.' कळा जोरात दाबल्या. मी विचारलं, साठवायचं का? आणि प्रियदर्शनीनं आयुष्यात पहिल्यांदा मला 'हो' म्हटलं.

मग ती उठून परसदारी गेली आणि तिथूनच तिनं हाक मारली.

"भावजी, जरा इकडं या."

वीरधवल गोठ्यातून हात पुसत आला. "काय वो वहिनी?" म्हणाला.

एक वर्षानं दोघांनी एकमेकांना नावानं हाक मारली होती, आणि ती जुनीच नावं होती.

तिनं त्याला आत माझ्यापुढं आणलं. त्यानं पडद्यावरचं वाचलं आणि तो खाली जमिनीवरच बसला. "तुमीच मनावर घेतलंय असं आबा म्हणलं हुतं."

"मला म्हणलं, तुमची इच्छा हाय."

"मी इचारणार हुतो. त्या दिवशी. मग त्ये चालू झालं."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "मी वाट बघत हुते. दुसऱ्या दिवशी बी बघितली."

त्या दुपारी ती बोलत बसली. दोन वर्षं रोज 'नको' दाबून पुसलेलं सगळं तिनं एकेक करून तोंडानं सांगितलं, चपलांचं, फॉर्मचं, सगळं. मी जी पानं शून्यानं भरली होती ती मला अशी परत मिळाली. सांगता सांगता एका जागी ती अडली, आणि मग रडली. तो उठून गेला नाही.

आबा रानातून आले, चहा मागितला. ती म्हणाली, "मामा, बसा जरा. बोलायचंय."

आबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हातारा वाईट नव्हता. एक मुलगा गेला, सूनही जाईल या भीतीनं त्यानं ह्याचं नाव तिला आणि तिचं नाव ह्याला सांगितलं होतं. डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "मी कुणालाच इचारलं न्हवतं. पर तुमी दोगंबी गप हुतासा की रं. गप म्हंजी कबूल, असं धरलं मी."

पुढं फारकतीचे कागद रीतसर झाले. फॉर्मची वाट केव्हाच बंद झाली होती, ती काही उघडली नाही. प्रियदर्शनी साताऱ्याला एका शाळेत नोकरीला लागली. तिचं सामान टेम्पोत वीरधवलनंच चढवलं. जाताना तिनं आपली ओढणी माझ्यावर टाकली. दिवाळीला येते. आल्यावर त्याला 'भावजी' म्हणते, आणि दोघं सोप्यात बसून भांडल्यासारखी मोठ्यानं बोलतात.

माझं काय, आता फार दिवस उरलेले नाहीत. वर्षातून एकदा कुणी पंख्याची धूळ काढली तर बरं. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याच्या दुरुस्त्या वेळेवर करा, कुणी सांगितलं म्हणून भिंती काढू नका आणि पासवर्ड लग्नाची तारीख ठेवू नका. तो थोडा अडखळला तर शिव्या देऊ नका. त्या दहा-पंधरा सेकंदांत शेजारी कोण बसलंय ते बघा.

शेजारच्याला काही कळू न देणं हे माझं काम आहे, मित्रांनो. ते मी चोख केलं. तुम्ही माझं काम करत बसू नका.